वस्तू क्रमांक दोनशे सतरा

जहागीरदारांच्या पागेत आता
ज्वारीचं बियाणं झोपतं, उणे अठरा अंशांत.
जनान्याच्या दगडी जाळीमागे
दोन मुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून
तुरीच्या मुळांवरच्या गाठी मोजतात,
आणि मी, धारूरच्या या संस्थेत
अकरा महिन्यांच्या करारावर,
पाट्या लिहिते.

तलवार लिहायला सोपी.
घराणं, साल, मुठीवरचं नक्षीकाम.
अत्तरदाणी, पानदान, शिकारीचा फोटो;
मेलेल्या बिबट्याचंसुद्धा वजन नोंदवलेलं असतं.
दोनशे सतराला पेन अडलं.
पखाल. चामडं, सुतळी. अंदाजे १९४०.
करणारा अज्ञात, वापरणारा अज्ञात.
मराठीत, उर्दूत, इंग्रजीत,
तिन्हीकडे एकाच मापाच्या ठशात
अज्ञात.

कार्तिकातल्या एका मंगळवारी
वीस रुपयांचं तिकीट काढून
लाडलेसाब आले, पंच्याऐंशीच्या पुढचे.
तलवारींकडं पाहिलंच नाही.
काचेवर वाकले, श्वासाचं धुकं पुसलं बाहीनं,
"हिचा उजव्या अंगाचा टाका उसवलेला आसल, बघा."

मी पाहिला. होता.

"रखमाजी खरटमलनं शिवली ही,
कातडं तरवडाच्या सालीत कमावलेलं.
वाहायचा माझा बाप, हुसेनसाब.
हेल्याचं नाव शाहीर, कारण वरडायचा लई.
खालच्या बारवंतून वर हौदापोतर
दिसाला चाळीस खेपा.
पाव्हणे यायच्या आत कारंजं उडाया पायजे.
टाका गळायचा, मुकादम बघायचा
आन् काठी हाणायचा शाहीरला.
रोग पखालीला, इलाज हेल्याला."

म्हण उलटी होती.
ओठांवर आलेली दुरुस्ती
मी गिळून टाकली.

मग म्हणाले, बाग दाव.
बागेत प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला आहे:
हापूस कुणी आणला, बकुळ कुणी लावली,
चिंचेखाली कोणत्या साहेबानं चहा घेतला.
फक्त उतारावरची अकरा सीताफळं
रजिस्टरात "आपोआप उगवलेली" अशी आहेत.
मातीचा थर वीतभर, खाली काळा खडक,
तरी एका वाकड्या ओळीत, बुडातून पुन्हा पुन्हा फुटून,
डॉक्टर बिडवे तीन वर्षं त्यांची पानं जाळून
राख तपासतायत.

लाडलेसाब त्या ओळीनं चालले,
काठी टेकत, खालून वर.
पाचव्या झाडापाशी थांबले,
सगळ्यात जाड खोड त्याचंच.
"हितं शाहीर दम खायचा.
बाप बी बसायचा. डोंगरातली सीताफळं धोतराच्या सोग्यात,
खायचा, बिया थुकायचा.
पाणी गळतच व्हतं."

एवढंच. बिडवेसाहेबांनी
चष्मा काढला आणि बराच वेळ
तो पुसत राहिले.

पाटी बदलायचा एक छापील अर्ज असतो.
त्यात "पुरावा" नावाचा रकाना.
मी लिहिलं: झाडं, अकरा. एक टाका.
अर्ज समितीकडे गेलाय, अजून परतला नाही.
तोवर दोनशे सतराच्या पाटीमागं
शिसपेन्सिलीनं दोन नावं आहेत,
आणि तिसरं, हेल्याचं.
पाटी भिंतीकडून वाचणारा
निघालाच कुणी, तर.

त्या दिवशी निघताना
लाडलेसाबांनी पाचव्या झाडाचं एक फळ
अंगठ्यानं दाबून पाहिलं, हलकेच,
झोपलेल्याच्या पापणीला लावावा तसा हात.
"डोळं उघडल्यात," म्हणाले,
"आता तोडाया हरकत नाही."

पण तोडलं नाही.
खोडाजवळची पाटी त्यांनी
अक्षर अक्षर जुळवत वाचली होती:
फळे तोडू नयेत.

तीही माझ्याच हातची.